माझ्या पोटातले ठक

मला एका हाताने उचलायला जाऊ नका. तुमचं मनगट भरून येईल, आणि माझी पाठ आधीच एकदा शिवलेली आहे. दोन्ही हात लावा, मांडीवर घ्या, मग निवांत बोलू. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश. जन्म पुण्याचा, पण सगळी हयात ग्वाल्हेरात गेली. सध्याचा पत्ता दर्पण कॉलनी, सुभेदार संभाजीरावांची बैठक, काचेचं कपाट, वरून दुसरा कप्पा. शेजारी एक हिंदी कोश बसतो. वजनाने तो माझ्याहून भारी आहे, पण या घरात हाक येते ती मला.

तुम्ही म्हणाल, कोश काय, घरोघरी असतात. असतात, आणि घरोघरी धूळ खातात. मी खाल्ली नाही. माझी काही पानं इतकी हाताळली गेली आहेत की त्यांच्या कडा काळ्या पडल्यात. ती पानं फसवणुकीच्या शब्दांची आहेत. ठकवणं, चकवणं, भुलवणं, गंडवणं, हूल देणं, सोंग आणणं, या उद्योगांसाठी इंग्रजांनी ढीगभर शब्द करून ठेवलेत, आणि ते सगळे माझ्या पोटात राहतात. इतके ठक पोटात बाळगून मी आजवर एकाही माणसाला फसवलेलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मला विकत घेतलं कृष्णरावांनी, म्हणजे संभाजीरावांच्या वडिलांनी. शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्खनेतून आलेलं हे घराणं. तलवारी गेल्या, बंदुका आल्या, पण पोटापाण्याचा धंदा फौजेचाच राहिला. कृष्णराव हवालदार होते. एकदा सरावाच्या लढाईत त्यांनी एका टेकडीवर रिकाम्या चुली पेटवून ठेवल्या. समोरची तुकडी धूर बघून तिकडे धावली आणि हे मागच्या नाल्याने जाऊन त्यांच्या तंबूत बसले. साहेब खूश झाला, म्हणाला, "यू आर अ वायली फेलो, कृष्णराव."

सगळे हसले. कृष्णरावही हसले, पण मनात किडा वळवळायला लागला. साहेबाने शाबासकी दिली की शिवी? आणि विचारायचं तरी कोणाला? सुट्टीवर आले ते तडक दौलतगंजातल्या पुस्तकाच्या दुकानात गेले. दुकानदाराने वरच्या फळीवरून मला काढलं, फडक्याने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच पान काढलं. 'वायली': धूर्त, कावेबाज.

दुसऱ्या एखाद्या घरातला माणूस तोंड पाडून परतला असता. कृष्णरावांची छाती फुगली. कावा म्हणजे काय, हे मराठ्याला कोशातून शिकावं लागत नाही. शत्रूला चकवलं तर ती अक्कल, आपल्या माणसाला चकवलं तर ते पाप, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं. मला छातीशी धरून ते घरी आले. पोरांसाठी तिळाची गजक घ्यायची होती, ती वाटेत विसरले.

त्या एका शब्दावरून घरात 'शनिवारचा कावा' सुरू झाला. शनिवारी संध्याकाळी सगळे बैठकीत जमायचे. ज्याची पाळी असेल त्याने मला मांडीवर घ्यायचं, फसवणुकीचा एखादा शब्द काढायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. तो खरा असेल, नाहीतर मनचा बनवलेला असेल. बाकीच्यांनी ओळखायचं. सांगणारा पकडला गेला की पाळी पुढच्याकडे. निकाल मी देणार, आणि माझ्या निकालावर अपील नाही.

थापाड्याला कसं पकडायचं, हेही कृष्णराव शिकवायचे. "त्याला खोटं पाडायला जाऊ नका," ते म्हणायचे. "त्याच्या थापेला आपली एक थाप जोडून द्या. खरा माणूस म्हणेल, छे, तसं नाही. थापाड्याला नाही म्हणायची सोय नसते. तो म्हणेल, अगदी बरोबर." हा त्यांचा मंत्र. पोरांवर तो हमखास लागू पडायचा.

कृष्णराव गेले. संभाजीराव फौजेत लागले, त्यांचं लग्न झालं, आणि मी त्या मंत्रासकट त्यांच्या संसारात आलो. सुट्टीवर आले की शनिवारी खेळ ठरलेला. 'ब्लफ' म्हणजे हातात भिकार पत्ते असताना हुकमाचा एक्का असल्याचा आव. 'हॉक्स' म्हणजे गावभर उठवलेली आवई. 'शॅम' म्हणजे सोंग. 'स्विंडल' म्हणजे गंडा. 'चीट' आणि 'डिसीव्ह' यांतला फरक ते बोट नाचवत समजावून सांगायचे. "चीट करणारा तुमच्या खिशात हात घालतो. डिसीव्ह करणारा तुमच्या डोक्यात." त्यांचा सगळ्यात आवडता शब्द 'इम्पोस्टर'. त्याच्यासमोर माझ्या पानावर 'तोतया' लिहिलेलं आहे. मग पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणवून घेत उभ्या राहिलेल्या तोतयाची गोष्ट निघायची. शेवटी ते दरवेळी म्हणायचे, "पोशाख दिसला की लोक चेहरा बघत नाहीत." या वाक्याची पुढे काय गत झाली, ते सांगतोच.

त्यांच्या पत्नी उषाताई या खेळात कधीच जिंकल्या नाहीत. अर्थ अर्धा सांगून होतोय तोच त्यांना हसू फुटायचं. संभाजीराव म्हणायचे, "हिच्या पोटात थाप टिकत नाही, दूध उतू जातं तशी बाहेर येते." त्यांचा एकुलता एक मुलगा संग्रामसिंह मात्र उस्ताद. एकदा त्याने शांतपणे सांगितलं, "डिकॉय म्हणजे राणीच्या मागे छत्री धरून चालणारा नोकर. तो पांढरे हातमोजे घालतो." इतका लहान पोरगा हातमोजे कशाला बनवून सांगेल, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. मी उघडलो गेलो तेव्हा डिकॉय म्हणजे भुलवायला पुढे केलेलं आमिष निघालं. संभाजीराव त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसायचे. कुठे पापणी हलते का, ओठ थरथरतो का. त्यांना कधी काही सापडलं नाही.

संग्राम मोठा झाला. इंदूरला एका औषधांच्या कंपनीत माल पाठवायचं काम बघू लागला. त्याची मुलगी निधी कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे राहायला आली. मध्यंतरी मोबाइल आला. अर्थ तोही सांगतो, आणि माझ्या आधी सांगतो. पण त्याला मांडीवर घेऊन कोणी घरच्यांना गोळा केल्याचं मी ऐकलेलं नाही. निधीने पहिल्याच महिन्यात मला कपाटातून काढलं आणि म्हणाली, "आजोबा, खेळू या ना. पापा म्हणतात, तुमच्या टाइमला फुल एंटरटेनमेंट होतं हे." तिच्या मराठीवर मी काय बोलणार? माझ्या कडा पुन्हा काळ्या व्हायला लागल्या, एवढं मला पुरे होतं.

आता कालचीच गोष्ट. सोमवारची सकाळ. उषाताई आणि निधी संक्रांतीचं वाण आणायला दौलतगंजात गेल्या होत्या. संभाजीराव नाश्त्याची बेडई-पुरी खाऊन, हात धुऊन, खिडकीतल्या उन्हात बसले होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर वर्दीतला एक माणूस. मागे झेंडा, भिंतीवर नकाशा, खांद्यावर चकाकणारे तारे.

"संभाजीराव जी? आपके बेटे संग्रामसिंह के नाम का पार्सल पकड़ा गया है। अंदर नशे का माल है।"

संभाजीराव खुर्चीतून उठले आणि ताठ उभे राहिले. या घरात वर्दीसमोर बसून बोलायची रीत नाही, आणि वर्दीशी वाद घालायची तर नाहीच नाही. दार लावून घ्या म्हटलं, त्यांनी लावलं. फोन समोर उभा करून बसा म्हटलं, बसले. बेटे को फ़ोन किया तो वो भागेगा, मग तुम्हालाही आत टाकावं लागेल, असं तो माणूस म्हणाला. मध्येच इंग्रजीत दरडावून म्हणाला, "यू आर अबेटिंग अ क्राइम."

'अबेट' म्हणजे गुन्ह्याला साथ देणं, पण नेमका अर्थ बघायला म्हणून संभाजीरावांनी सवयीने मला कपाटातून काढलं. पान उलटलं असेल नसेल, तोच आवाज आला, "किताब रखिए। सामने देखिए।"

आजवर मला बंद करायचा हुकूम कोणी दिला नव्हता. खऱ्या पोलिसाला कोशाचं भय का वाटावं? मला तिथेच कळून चुकलं की हा तोतया आहे. माझ्या पोटात त्याचं नाव, गाव, व्याख्या सगळं होतं. पण मला आपणहून बोलता येत नाही, मला उघडावं लागतं. संभाजीरावांनी मला मिटलं आणि माझ्यावर हात ठेवला. आणि मग ते पुटपुटले, ते फक्त मी ऐकलं. "लहानपणापासून चेहऱ्यावरची रेघ न हलवता खोटं बोलायचा."

माझा जीव तळमळला. ज्या खेळाची मी आयुष्यभर शेखी मिरवली, त्या खेळाची साक्ष हा बाप पोराविरुद्ध काढत होता. त्यांना पार्सलचं खरं वाटलं होतं. संग्राम तसं करेल, हे त्यांना खरं वाटलं होतं.

तोतयाची मागणी मग पुढे आली. जमा असेल तेवढा पैसा पडताळणीसाठी आमच्या खात्यात पाठवा, संग्रामचं नाव कागदातून काढून टाकतो. पोराला वाचवायचं म्हटल्यावर संभाजीराव कशालाही तयार होते. त्यांनी चष्मा पुसला आणि बँकेचं पुस्तक पुढे ओढलं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. उषाताई आणि निधी परत आल्या होत्या. संभाजीरावांनी दार उघडलं, खूण केली की आत जा, आणि पुन्हा येऊन फोनसमोर बसले. निधीने एका नजरेत ओळखलं.

"आजोबा, हे फ्रॉड आहे. आमच्या कॉलेजात एका सरांबरोबर झालं ना असंच. काट दो फ़ोन."

"गप्प बस. तुझ्या बापाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अहो पण सच में—" ती फोनकडे झेपावली. संभाजीरावांनी तो छातीशी ओढून धरला आणि असे ओरडले की पोरगी भिंतीला टेकली. तिने आजोबांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. पडद्यावरचा माणूस म्हणाला, "लड़की को बाहर भेजिए, वरना इसका नाम भी आएगा।"

उषाताईंनी वाणाची पिशवी खाली ठेवली. नवऱ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग मला उचललं, नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि शनिवारी घ्यायच्या तसं मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता या मला उघडणार. त्यांनी उघडलं नाही. फोनसमोर हात जोडले.

"साहब, मैं इनकी पत्नी। एक बात पूछूँ? पार्सल संग्राम के नाम का है, या दौलत के? दौलतसिंह, हमारा छोटा बेटा। उसी के साथ काम करता है। बिगड़ा हुआ तो वो है।"

त्या माणसाने खाली बघून कागद चाळल्यासारखं केलं. "जी माताजी। दौलतसिंह का नाम भी है हमारे पास। दोनों भाई मिले हुए हैं।"

"फ़ोटो होगी ना उसकी? बड़ी-बड़ी मूँछें?"

"बिल्कुल है। मूँछों वाली ही फ़ोटो है।"

दौलतसिंह नावाचं मूल या घरात कधी जन्मलेलं नाही. मिशांचा तर प्रश्नच येत नाही. मी उषाताईंच्या मांडीवरून त्यांच्याकडे बघत होतो. आणि चेहरा? त्या चेहऱ्यावर हसण्याचा लवलेश नव्हता. ज्या बाईच्या पोटात थाप टिकत नाही असं सगळं घर म्हणायचं, तिने पोटचा पोर बनवून तोतयाच्या पदरात घातला, आणि त्याने तो आनंदाने ओटीत घेतला.

संभाजीराव हळूहळू ताठ झाले. बायकोकडे बघितलं, मग पडद्याकडे. या वेळी पोशाखाच्या वर बघितलं असावं. "जवान," ते म्हणाले, "वर्दी उतार दे। तेरे नाप की नहीं है।" आणि फोन कापला.

मग उषाताई हसायला लागल्या. इतका वेळ कोंडून ठेवलेलं हसू, ते थांबेना, आणि थांबता थांबता त्याचं रडं झालं. निधी त्यांच्या गळ्यात पडली. मी मध्ये चेपलो गेलो, पण माझी काही तक्रार नाही. इतका मान मला पुण्यात छापला गेलो त्या दिवशीही मिळाला नव्हता.

निधीने सायबरवाल्यांकडे तक्रार नोंदवली. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बातमी झाली. शेजारचे मुकुंदराव चहाला आले आणि म्हणाले, "उषाताई, तुम्ही तर मैदान मारलंत." संभाजीराव मला हातात धरून सगळा प्रसंग रंगवून सांगत होते. पानं उलटत म्हणाले, "आता याला शब्द कोणता लावायचा, बघू. पैसे वाचले, म्हणजे स्विंडल झालं नाही. खिशात हात गेला नाही, म्हणजे चीटही झालं नाही."

"मग आजोबा, डिसीव्ह?" निधीने सहज विचारलं.

संभाजीरावांनी मला मिटलं. मला कपाटात ठेवायला उठले आणि कपाटाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. खिशाला धक्का लागला नव्हता, पण डोक्यात तर हात गेला होता. पोराबद्दल आपण काय मानलं, हे त्यांनी मुकुंदरावांना सांगितलं नाही. उषाताईंनाही सांगितलं नाही. "मी वर्दी बघून दबकलो," एवढंच सगळ्यांना सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आजच, संग्राम इंदूरहून आला. आईच्या तोंडून सगळं ऐकून पोट धरून हसला. "या वयात मला भाऊ दिलास, आई. तोही बिगडा हुआ." नाश्ता झाला. उषाताई स्वयंपाकघरात गेल्या, निधी कॉलेजला. बैठकीत बापलेक उरले. निधीने जाता जाता दोघं खेळतील या आशेने मला संभाजीरावांच्या मांडीवर ठेवलं होतं.

"पण आबा," संग्राम म्हणाला, "तुम्ही त्याचं ऐकत बसलात कसे? वर्दी ठीक आहे. माझं नाव घेतल्यावर तरी तुम्हाला हसू यायला हवं होतं."

थाप मारायला हीच वेळ होती. बीपी वाढलं होतं, नीट ऐकू येत नव्हतं, काहीही चाललं असतं. माझ्या पोटातल्या शब्दांवर वाढलेला हा माणूस, त्याला जड नव्हतं. संभाजीरावांनी माझ्या पुठ्ठ्यावर बोटं रोवली.

"मला खरं वाटलं," ते म्हणाले. "तू केलं असशील, असं वाटलं."

संग्रामचं हसू विझलं. "का?"

"तू लहानपणी इतकं सफाईने खोटं बोलायचास. मी बघत बसायचो, मला कधी सापडलं नाही. म्हटलं, अजूनही सापडलं नसेल."

संग्रामने माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ ठेवली. त्याला घडवला मीच, असा माझा समज होता.

"आबा, मी खोटं फक्त शनिवारी बोलायचो," तो म्हणाला. "तुम्ही सुट्टीवर यायचात. दिवसभर बाजार, घराची दुरुस्ती, तुमचे फौजी दोस्त. माझ्याकडे बघायचात ते माझी पाळी आली की. पकडला गेलो तर पाळी पुढच्याकडे जायची. थाप जितकी पक्की, तितका वेळ तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. म्हणून शिकलो."

खरं सांगतो, मला ते लागलं. इतकी वर्षं मी समजत होतो की हे पोरगं माझ्यासाठी येऊन बसतं. पण मी कोश आहे. नेमका अर्थ कानावर पडला की मला तो मानावाच लागतो, आणि एवढा नेमका अर्थ त्या घरात आजवर कोणी सांगितला नव्हता.

संभाजीरावांनी मला मांडीवरून उचललं, सोफ्यावर ठेवलं आणि खुर्ची ओढून मुलाच्या अगदी समोर बसले. "इंदूरला तू दिवसभर काय करतोस?" त्यांनी विचारलं. "मला नीट माहीतच नाही. सांग."

ते अजून चाललंय. म्हणून मी तुमच्याशी इतक्या हळू आवाजात बोलतोय. माझा अभिमान शाबूत आहे, त्याची काळजी करू नका. फसवणुकीचा कुठलाही शब्द अडला तर मला विचारायला या, अर्थ खराच मिळेल. फक्त आज नको. आणि जाताना मला उचलून कपाटात ठेवू नका, इथून चांगलं ऐकू येतंय. संग्राम गोदामात व्यालेल्या एका मांजरीची गोष्ट सांगतोय. त्यात विशेष काही नाही. संभाजीराव मधूनमधून चष्मा काढून पुसतात, पुन्हा लावतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतात.